शंभरचे साडेबारा होतात कुठे?

घरात ऑप्टिकल फायबरची नवी जोडणी येते. करारपत्रावर १०० एमबीपीएस असा वेग छापलेला असतो. पहिल्याच संध्याकाळी एखादी मोठी फाइल उतरवायला घेतली, की संगणकाच्या पडद्यावर आकडा दिसतो तो मात्र बारा-साडेबारा एमबी प्रतिसेकंद असा. आपली फसवणूक झाली, हाच ग्राहकाचा पहिला समज होतो. तक्रार नोंदवली जाते, तंत्रज्ञ येतो, राउटर बंद करून पुन्हा सुरू करतो आणि वेगमापनाच्या संकेतस्थळावर ९५ चा आकडा दाखवून निघून जातो. ग्राहकाचे समाधान होत नाही आणि तंत्रज्ञाला यात तक्रार कसली हेच कळत नाही. गंमत अशी की, दोघांचेही आकडे बरोबर असतात. केवळ त्यांची मापे वेगळी असतात.

दूरसंचार कंपनी वेग सांगते तो मेगाबिटमध्ये. संगणक फाइल मोजतो ती मेगाबाइटमध्ये. बिट म्हणजे शून्य किंवा एक, माहितीचा सर्वांत लहान कण. असे आठ बिट मिळून एक बाइट होतो. शंभर मेगाबिटला आठाने भागले की साडेबारा मेगाबाइट उरतात. इंग्रजीत हा फरक दाखवायला लहान आणि मोठ्या 'बी' अक्षराची सोय आहे. लहान बी असेल तर बिट, मोठा असेल तर बाइट, असा संकेत आहे. तो इंग्रजी जाहिरातींतही नेहमी पाळला जात नाही हा भाग वेगळा. देवनागरीत तर लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नाही. त्यामुळे मराठी जाहिरातीत, वृत्तपत्रांच्या बातम्यांत आणि शासकीय परिपत्रकांत दोन्ही मापे 'एमबी' याच एका वेषात वावरतात. आठपटीचा फरक असलेल्या दोन राशींना एकच नाव असावे, असे उदाहरण बाजारात दुसरे सापडणे कठीण. पायली आणि शेर यांत चौपटीचा फरक होता, पण पायलीला कोणी शेर म्हणत नव्हते.

हा प्रश्न आजवर संगणकाचे दुकान चालवणाऱ्यांचा आणि हौशी मंडळींचा मानला जात असे. आता तो तसा राहिलेला नाही. ब्रॉडबँड कशाला म्हणायचे, याची कायदेशीर व्याख्याच बिटच्या मापात लिहिलेली आहे. रोजच्या मोबाइल डेटाचा कोटा बाइटच्या मापात मिळतो. जुन्या हार्ड डिस्कवर अडकून पडलेली छायाचित्रे, हिशेबाच्या वह्या, दप्तरे आणि लग्नाच्या चित्रफिती वाचवायच्या असतील, तर किती वेळ लागेल याचे गणित या दोन मापांच्या रूपांतरावर अवलंबून आहे. रूपांतर चुकले की आठ तासांचे काम एका तासाचे वाटते.

एकेरी रांग आणि आठांची फळी

दोन मापे आली ती दोन वेगळ्या परंपरांतून. तारायंत्र आणि दूरध्वनीची दुनिया एका तारेची होती. तीतून संकेत एकामागून एक जात. साहजिकच तेथील अभियंत्याने सेकंदाला किती संकेत गेले हे मोजले. त्या परंपरेतून मोडेम आला, मोडेममागून इथरनेट आले आणि फायबर आले, तरी मोजण्याची रीत बिटचीच राहिली. संगणकाच्या पेटीत मात्र वेगळा मामला होता. तेथे प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क यांच्यामध्ये तारांची रुंद पट्टी असे आणि आठ किंवा सोळा बिट खांद्याला खांदा लावून एकदम सरकत. एका टिचकीत एक वा दोन पूर्ण बाइट पोहोचत असल्याने तेथील माणसाने बाइट मोजले.

'बाइट' हा शब्द १९५६ साली आयबीएममधील वर्नर बुखहोल्झ यांनी प्रचारात आणला. सुरुवातीला तो आठच बिटचा असला पाहिजे, असे बंधन नव्हते. सहा बिटचे बाइटही होते. १९६४ साली आयबीएमची सिस्टीम ३६० ही संगणकमालिका आली आणि आठ बिटचा बाइट रूढ झाला. जाळ्यांचे नियम लिहिणारे अभियंते आजही खबरदारी म्हणून 'ऑक्टेट', म्हणजे अष्टक, हा शब्द वापरतात. बाइट म्हणजे किती, हा वाद त्यांना नको असतो.

डिस्कच्या जुन्या जोडणीचे नाव आयडीई. चाळीस टाचण्यांचा कनेक्टर आणि करड्या रंगाची चपटी पट्टी ज्यांनी संगणक उघडून पाहिला आहे, त्यांच्या नजरेसमोर सहज येईल. तिच्या वेगाच्या पायऱ्या ३३, ६६, १०० आणि १३३ अशा होत्या आणि हे सर्व आकडे मेगाबाइट प्रतिसेकंदाचे होते. ६६ किंवा त्याच्या पुढचा वेग हवा असेल, तर ४० ऐवजी ८० तारांची पट्टी लागे. जादा चाळीस तारा केवळ शेजारच्या तारांचा गोंधळ एकमेकींत मिसळू नये म्हणून जमिनीला जोडलेल्या असत. जुनी चाळीस तारांची पट्टी लावली, तर वेगवान डिस्कही निमूटपणे ३३ वर उतरे आणि वापरणाऱ्याला कारण कळत नसे. त्या काळच्या दुरुस्तीच्या दुकानांत 'डिस्क स्लो झाली' या तक्रारीमागे अनेकदा ही पट्टीच असे.

येथवर दोन्ही दुनियांची मापे निदान आपापल्या घरात सुखी होती. २००३ साली सीरियल एटीए, म्हणजेच साटा, ही जोडणी बाजारात आली आणि साठवणुकीच्या घरातच बिटचे माप शिरले. साटाने रुंद पट्टी काढून टाकली आणि डिस्कचा मजकूरही एकेरी रांगेत धाडायला सुरुवात केली. तिचा पहिला वेग १.५ गिगाबिट प्रतिसेकंद. आठाने भागणाऱ्याला १८७.५ मेगाबाइट असे उत्तर मिळते, पण प्रत्यक्ष अधिकृत वेग होता १५० मेगाबाइट. उरलेले साडेसदतीस गेले कुठे?

ते वाटखर्चात गेले. एकेरी तारेवरून सलग शून्ये किंवा सलग एके गेली, तर पलीकडच्या टोकाचा ताल चुकतो आणि किती शून्ये आली हे त्याला मोजता येत नाही. यावर आयबीएममधील विडमर आणि फ्रानाझेक यांनी १९८३ साली एक तोड प्रसिद्ध केली. प्रत्येक आठ बिटच्या बदल्यात दहा बिटचा असा नमुना पाठवायचा, की ज्यात शून्य आणि एक यांचा तोल राहील. म्हणजे दहांतले दोन बिट केवळ तालासाठी. म्हणून साटाच्या आकड्याला आठाने नव्हे, तर दहाने भागावे लागते. ३ गिगाबिटचे ३०० मेगाबाइट, ६ गिगाबिटचे ६०० मेगाबाइट. २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० ची तीच गत. ५ गिगाबिट म्हणजे ५०० मेगाबाइट.

इथे गोंधळ आणखी वाढतो. फायबरवरील गिगाबिट इथरनेटही हीच आठास-दहाची युक्ती वापरते. पण इथरनेटवाल्यांनी वाटखर्च आपल्या खिशातून दिला. तारेवर प्रत्यक्षात सव्वा गिगाबिट धावतात आणि नाव सांगितले जाते एकाच गिगाबिटचे. साटावाल्यांनी वाटखर्चासकट आकडा छापला. त्यामुळे एक गिगाबिट इथरनेटचे १२५ मेगाबाइट होतात आणि एक गिगाबिट साटाच्या हिशेबाने १०० च. दोन्ही पेट्या एकाच दुकानात, एकाच फळीवर मिळतात. खोके वाचून ग्राहकाने हे ओळखावे, अशी अपेक्षा करणे अंमळ जास्तच आहे.

इथरनेटच्या १२५ मधूनही पत्त्यांचा आणि वेष्टनांचा खर्च वजा होतोच. दीड हजार बाइटच्या प्रत्येक पाकिटामागे वेष्टन, पत्ते आणि दोन पाकिटांमधली मोकळी जागा धरली, तर हाती सुमारे ११८ मेगाबाइट पडतात. १०० मेगाबिटच्या जोडणीवर वेगमापनात ९५ च्या आसपास आकडा दिसतो तो याच कारणाने. त्यात चोरी नाही. टपालाच्या पिशवीच्या वजनात पाकिटांचे वजन येतेच.

व्याख्येचा प्रवास

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली, तेव्हा दूरध्वनीवरून मिळणारा वेग होता ९.६ किलोबिट. म्हणजे सेकंदाला बाराशे बाइट. पुढे मोडेम ५६ किलोबिटपर्यंत पोहोचले, पण पडद्यावर चार-पाच किलोबाइटच दिसत. त्या काळच्या सायबर कॅफेत बसलेल्यांना हा आकडा पाठ असेल.

ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले आणि २५६ किलोबिट ही किमान मर्यादा ठरवली. बाइटच्या भाषेत ही झाली ३२ किलोबाइट. या वेगाने एक गिगाबाइटची फाइल उतरवायला ८ तास ४० मिनिटे लागतात. जुलै २०१३ मध्ये मर्यादा ५१२ किलोबिट झाली. वेळ निम्म्यावर आली, तरी ती ४ तास २० मिनिटे होती. २०१२ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात २०२० पर्यंत किमान २ मेगाबिटचे स्वप्न होते. प्रत्यक्षात २ मेगाबिटची व्याख्या अधिसूचित झाली ती जानेवारी २०२३ मध्ये. या वेगाने तीच फाइल ६६ मिनिटांत उतरते. आणि शंभर मेगाबिटवर ८० सेकंदांत.

याच काळात डिस्क कुठे होती, हे पाहणे उद्बोधक आहे. २००४ साली नव्या संगणकाची आयडीई जोडणी १३३ मेगाबाइटची होती. डिस्कच्या फिरत्या तबकड्यांचा प्रत्यक्ष वेग त्याहून बराच कमी, पन्नास-साठ मेगाबाइटच्या घरात असे. तरीही तो सरकारी व्याख्येतील ब्रॉडबँडच्या दीड हजारपटीहून अधिक होता. त्या दिवसांत डिस्क किंवा तिची तार मंद आहे काय, असा प्रश्न इंटरनेट वापरताना कोणाला पडायचे कारणच नव्हते. अडथळा नेहमी बाहेरच्या तारेत. 'नेट स्लो आहे' हे वाक्य घरोघरी रुळले ते यामुळे.

फायबर आल्यावर हे समीकरण उलटले. गिगाबिटची जोडणी म्हणजे १२५ मेगाबाइट. आयडीईची शंभरची पायरी तिच्या मागे पडली आणि सर्वांत वरची १३३ ची पायरी जेमतेम पुढे राहिली. २००० सालच्या यूएसबी २.० चा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट, भागाकाराने ६० मेगाबाइट. पण ही जोडणी आळीपाळीने बोलणारी असल्याने प्रत्यक्षात ३० ते ३५ मेगाबाइटच मिळतात. म्हणजे २४० ते २८० मेगाबिट. तीनशे मेगाबिटची योजना घेऊन उतरवलेला मजकूर थेट जुन्या यूएसबी डिस्कवर साठवणारा ग्राहक आता कंपनीला दोष देतो, तेव्हा दोष त्याच्या टेबलावरच्या डिस्कच्या तारेत असतो. कित्येक घरांत राउटरची किंवा जुन्या संगणकाची इथरनेटची खाचच १०० मेगाबिटची असते. दोनशेची योजना घेतली काय आणि पाचशेची घेतली काय, त्या खाचेतून साडेबारा मेगाबाइटच्या वर काही येत नाही. अशा ग्राहकाने दरमहा भरलेले जादा पैसे कोणत्याही नियामकाच्या आकडेवारीत दिसत नाहीत.

दोन मापे एकाच पानावर

मोबाइल सेवेत ही दोन मापे अधिक जवळ येतात. एकाच योजनेच्या एकाच ओळीत डेटाचा कोटा गिगाबाइटमध्ये आणि कोटा संपल्यानंतरचा वेग किलोबिटमध्ये दिलेला असतो. दिवसाला दीड जीबी आणि त्यानंतर ६४ केबीपीएस, अशी शब्दरचना परिचयाची आहे. आता गणित मांडून पाहावे. दीड गिगाबाइट म्हणजे १२ गिगाबिट. शंभर मेगाबिटच्या वेगाने हा कोटा दोन मिनिटांत संपतो. उरलेला दिवस ६४ किलोबिटवर काढायचा, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. एक मेगाबाइटचे छायाचित्र पाठवायला किंवा पाहायला सव्वादोन मिनिटांच्या जवळपास वेळ लागतो. विद्यार्थ्याने प्रवेशअर्जासाठी १० मेगाबाइटची पुस्तिका उतरवायची म्हटली, तर वीस मिनिटांहून अधिक. हा वेग २००४ च्या ब्रॉडबँड व्याख्येच्याही एक-चतुर्थांश आहे.

ग्राहकाला '६४' हा आकडा मोठा वाटतो. '८ किलोबाइट' असे छापले, तर तो वाटणार नाही. कोटा लहान मापात सांगितला तर तो आठपट मोठा दिसला असता, पण संगणक आणि फोन फाइल बाइटमध्येच दाखवत असल्याने तिथे ते शक्य झाले नाही. वेगाला मात्र असा आरसा नसतो. म्हणून वेग बिटमध्ये आणि वजन बाइटमध्ये, अशी विभागणी टिकून राहिली. ती विक्रेत्यांनी कट करून आणली नाही, ती वारशाने आली. परंतु तिचा लाभ नेहमी एकाच बाजूला होतो हेही खरे.

डिस्कच्या क्षमतेतही असा एक झगडा झाला होता. डिस्क बनवणारे एक गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १०२४ च्या पटीने मोजते. म्हणून ४० जीबी लिहिलेली जुनी डिस्क संगणकात ३७ जीबी दाखवते. अमेरिकेत यावरून ग्राहकांनी सामूहिक दावे लावले. २००६ मध्ये वेस्टर्न डिजिटलने आणि २००७ मध्ये सीगेटने तडजोड केली. तत्पूर्वी १९९८ मध्येच आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १०२४ च्या पटींसाठी किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावे मंजूर केली होती. ती व्यवहारात फारशी रुळली नाहीत. १.४४ एमबीची फ्लॉपी तर दोन्ही गणितांची खिचडी होती, कारण तिचा एक 'मेगाबाइट' हजार गुणिले १०२४ असा होता.

कबुतर, कुरियर आणि डिस्क

सप्टेंबर २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एका कंपनीने आपल्या इंटरनेट जोडणीला कंटाळून एक स्पर्धा लावली. विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला ४ गिगाबाइटचे स्मृतिकार्ड बांधले आणि सुमारे ८० किलोमीटरवरच्या दुसऱ्या कार्यालयाकडे सोडले. त्याच क्षणी तोच मजकूर एडीएसएल जोडणीवरून पाठवायला सुरुवात केली. कबुतर १ तास ८ मिनिटांत पोहोचले. कार्डावरचा मजकूर संगणकात उतरवून होईपर्यंत एकूण २ तास ७ मिनिटे झाली. तेवढ्या वेळात तारेवरून केवळ ४ टक्के मजकूर गेला होता.

जगभर हसू झाले, पण आकडे बिटमध्ये मांडले की गोष्ट अधिक बोलकी होते. कबुतराचा वेग सुमारे ४.२ मेगाबिट भरतो. तारेचा वेग १७० किलोबिटहूनही कमी. आणि कोणी फारसे न पाहिलेली तिसरी बाब अशी, की एकूण वेळेपैकी जवळपास निम्मा वेळ कबुतराच्या उड्डाणात नव्हे, तर कार्डावरून मजकूर उतरवण्यात गेला. तो वेग सेकंदाला एक मेगाबाइटच्या किंचित वर पडतो. ८० किलोमीटरची हवा आणि टेबलावरची वीतभर तार, दोहोंनी सारखाच वेळ घेतला.

हाच हिशेब आजच्या कुरियरला लागू होतो. ४ टेराबाइटची डिस्क पुण्याहून नागपूरला एका दिवसात पोहोचली, तर तो वेग ३७० मेगाबिट होतो. भल्याभल्या जोडण्यांना तो मागे टाकतो. पण ती डिस्क यूएसबी २.० च्या तारेने भरायची असेल, तर ३० मेगाबाइटच्या वेगाने ३७ तास लागतात आणि पलीकडे रिकामी करायला पुन्हा ३७ तास. प्रवासाचा एक दिवस आणि हमालीचे तीन. यूएसबी ३.० असेल, तर फिरत्या तबकडीच्या मर्यादेत, १२० मेगाबाइट धरून, हेच काम सव्वानऊ तासांचे.

महाराष्ट्रात गावोगावच्या छायाचित्रकारांकडे लग्नसमारंभांच्या मिनी-डीव्ही फितींचे खच पडलेले आहेत. डीव्ही चित्रीकरण सेकंदाला ३.६ मेगाबाइट जागा घेते, म्हणजे तासाला १३ गिगाबाइट. तीन तासांचा एक विवाह एक ४० जीबीची आयडीई डिस्क जवळजवळ पूर्ण भरतो. ही डिस्क आज वाचायची, तर नव्या संगणकात खाचच नसते. इंटेलने २००६ च्या आपल्या चिपसंचातूनच आयडीईचा थेट आधार काढून टाकला होता. मग यूएसबीचे अडॅप्टर लागते. ते २.० चे असेल, तर डिस्क सुस्थितीत असल्यास बावीस मिनिटांत रिकामी होते. तेच यूएसबी १.१ च्या, १२ मेगाबिटच्या जुन्या खाचेत लागले तर जवळपास अकरा तास. आणि डिस्क जुनी असते, तेव्हा ती अकरा तास फिरत राहील याची शाश्वती नसते. तोच मजकूर दूरच्या साठवणुकीत चढवायचा, तर १०० मेगाबिटने ५२ मिनिटे आणि २ मेगाबिटने त्रेचाळीस तास.

चढण्याचा वेग व्याख्येबाहेर

'चढवायचा' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. जानेवारी २०२३ ची ब्रॉडबँडची व्याख्या केवळ उतरवण्याच्या वेगाची आहे. ग्राहकाकडून बाहेर जाणारा वेग किती असावा, याबद्दल तीत अवाक्षर नाही. वेगही मोजायचा तो सेवा देणाऱ्या कंपनीच्या जवळच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंतचा. पुढच्या जगाशी त्याचा संबंध नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०२१ च्या शिफारशींत २ ते ५०, ५० ते ३०० आणि ३०० मेगाबिटच्या वर असे तीन स्तर सुचवले, तेही उतरवण्याच्याच वेगावर आधारलेले. २००६ च्या दर्जाविषयक नियमांत करारातील वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग मिळावा, असा निकष होता आणि ऑक्टोबर २०२४ पासून नवे एकत्रित नियम लागू झाले.

अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने मार्च २०२४ मध्ये आपली व्याख्या १०० मेगाबिट खाली आणि २० मेगाबिट वर अशी केली. तत्पूर्वी २०१५ पासून ती २५ आणि ३ होती. दोन्ही दिशांचे आकडे तेथे व्याख्येतच आहेत. एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना खाद्यपदार्थांच्या पाकिटावर असते तशी माहितीपट्टी ग्राहकाला दाखवणे बंधनकारक झाले. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून जाहिरातीत दाखवलेला वेग गर्दीच्या वेळी निदान निम्म्या ग्राहकांना मिळत असला पाहिजे, असा दंडक आहे. त्याआधी दहा टक्के ग्राहकांना मिळाला तरी चालत असे. बाइटमध्ये वेग सांगण्याची सक्ती मात्र या दोन्ही देशांतही नाही. आपल्याकडे किराणा दुकानातील तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. राउटरवर तसा शिक्का नसतो, आणि वेगमापनाचा सर्व्हर अनेकदा कंपनीच्याच आवारात असतो.

चढवण्याच्या वेगाचा प्रश्न लग्नाच्या फितींपुरता असता, तर त्यावर इतका खल करण्याचे कारण नव्हते. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली, ती पुढे भारतनेट या नावाने ओळखली गेली. प्रत्येक पंचायतीला १०० मेगाबिट हे तिचे उद्दिष्ट. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित रूपासाठी १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. पंचायतीच्या कार्यालयात उतरवण्याजोगे फारसे नसते, चढवण्याजोगे असते. जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, करआकारणीची पुस्तके, ठरावांची इतिवृत्ते.

ए-४ आकाराचे एक पान तीनशे ठिपके प्रतिइंच या दर्जाने रंगीत स्कॅन केले, तर दाबण्यापूर्वी ते २६ मेगाबाइटचे होते. दोनशे पानांची एक नोंदवही ५.२ गिगाबाइटची. भारतनेटची पूर्ण शंभर मेगाबिटची तार मोकळी मिळाली आणि ती दोन्ही दिशांना सारखी असली, तर ही वही सात मिनिटांत जाते. व्याख्येतील २ मेगाबिट चढण्याला मिळाले, तर पावणेसहा तास लागतात. चढण्याला २५६ किलोबिटच मिळाले, तरीही ती जोडणी आजच्या व्याख्येनुसार ब्रॉडबँडच राहते, कारण उतरण्याचा वेग दोनच्या वर आहे. तेव्हा एका वहीला ४५ तास लागतात. पाने दाबून प्रत्येकी एक मेगाबाइटवर आणली, तर पावणेदोन तास. मग दाबण्यात अक्षरांच्या कडा विरतात, आणि मोडी किंवा फिकट शाईच्या जुन्या नोंदीत नेमक्या त्या कडाच वाचायच्या असतात.